बनिहालचा घाट आणि हिवाळ्यातील प्रवासाचा बेत

काश्मीरच्या खोऱ्याला दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून पीर पंजाल ही पर्वतरांग वेढते आणि जम्मू व पंजाबच्या सखल मुलखापासून त्याला वेगळे करते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे आणि जम्मूची उंची त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी आहे. परंतु या दोन शहरांच्या मधे जी भिंत उभी आहे, तिच्यातील तुलनेने सखल मानली जाणारी बनिहालची खिंडही २,८३२ मीटर उंच आहे, आणि तिच्या वायव्येकडील पीर पंजाल खिंड तर साडेतीन हजार मीटरांच्या घरात जाते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात डिसेंबरपासून मार्चपर्यंत या रांगेवर आदळतात. त्यांच्यामुळे माथ्यावर बर्फ आणि उतारांवर पाऊस पडतो, उतारांची भुसभुशीत माती व खडक निसटू लागतात आणि रस्ता बंद होतो. हिवाळ्यात या वाटेने निघालेल्या प्रवाशाचा बेत ठरल्याप्रमाणे पार पडणे हा इतिहासात अपवाद राहिला आहे. कोठे मुक्काम पडेल, कोणत्या वाटेने जावे लागेल, काय पाहायला मिळेल आणि परत कधी येता येईल, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाकडे क्वचितच होता. तो अधिकार कोणाकोणाच्या हाती गेला आणि बेत फिसकटणार हे गृहीत धरून समाजाने व राज्यकर्त्यांनी कोणत्या सोयी उभारल्या, याचा मागोवा घेतल्यास या घाटाचा इतिहास अधिक नीट समजतो.

प्राचीन काळी हा अधिकार निसर्गाकडे होता आणि त्याच्या जोडीला राजाच्या पहारेकऱ्यांकडे होता. बाराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या ‘राजतरंगिणी’त कल्हणाने खोऱ्यात उतरणाऱ्या वाटांवरील नाक्यांचा उल्लेख ‘द्वार’ आणि ‘द्रंग’ या नावांनी केला आहे. द्वार म्हणजे खिंडीच्या तोंडाशी असलेले संरक्षित प्रवेशस्थान, आणि द्रंग म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची झडती व जकात यांची व्यवस्था पाहणारी चौकी. या सर्व नाक्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला द्वारपती म्हणत, आणि खुद्द कल्हणाचे वडील चंपक हे हर्ष राजाच्या कारकिर्दीत या पदावर होते. कल्हणाच्या शतकभर आधी लिहिणाऱ्या अल्-बिरुनीनेही काश्मिरी लोक आपल्या वाटांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतात आणि ओळख नसलेल्या माणसाला आत येऊ देत नाहीत, असे नोंदवले आहे. हा पहारा वर्षातील काही महिनेच माणसांना करावा लागे, कारण उरलेल्या काळात बर्फ तेच काम करीत असे. गझनीच्या महमुदाने अकराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात पूंछ भागातील लोहरकोट या किल्ल्याला दोन वेळा वेढा घालून खोऱ्यात शिरण्याचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा किल्ल्याची मजबुती व हवामान यांच्यापुढे त्याला माघार घ्यावी लागली. हिंदुस्थानच्या मैदानात दर हिवाळ्यात स्वारी करण्याची त्याची पद्धत होती. मैदानात जो ऋतू सैन्याच्या हालचालींना सोयीचा, तोच या डोंगरात सर्वांत गैरसोयीचा ठरत असे.

मोगलांच्या काळात प्रवासाचे स्वरूप बदलले, कारण १५८६ मध्ये अकबराने काश्मीर जिंकल्यानंतर तेथे निव्वळ निसर्ग पाहण्यासाठी, उन्हाळा काढण्यासाठी आणि बागांमध्ये रमण्यासाठी जाणारा राजघराण्यातील प्रवासी प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. अकबराने हजारो पाथरवट व बेलदार लावून भिंबर, नौशेरा, राजौरी, बहरामगल्ला, पीर पंजाल, हिरपूर आणि शोपियान असा रस्ता प्रवासायोग्य करवून घेतला, आणि पुढे त्यावर ठिकठिकाणी सराया बांधल्या गेल्या. सराई म्हणजे चौकोनी आवाराभोवती खोल्या आणि जनावरांसाठी पडव्या असलेले मुक्कामाचे ठिकाण. खिंडीच्या काश्मीरकडील उतारावरची अलियाबाद सराई ही त्यांपैकी विशेष महत्त्वाची होती, कारण वादळात सापडलेल्या तांड्याला माथा ओलांडल्यावर मिळणारा तो पहिला आसरा होता. सरायांमधील अंतर साधारणपणे एका दिवसाच्या चालीइतके असे. तथापि, त्यांचा खरा उपयोग ठरलेली चाल पूर्ण न झाल्यास कळत असे, कारण पुढची वाट मोकळी होईपर्यंत थांबण्याची जागा, चारा आणि छप्पर त्या पुरवीत.

जहांगीर हा या वाटेवरील सर्वांत उत्साही प्रवासी म्हणावा लागेल, परंतु त्यालाही ऋतूप्रमाणे वाट बदलावी लागली. १६२० मध्ये वसंतातील फुलोरा पाहण्याच्या इच्छेने तो मार्च महिन्यातच खोऱ्यात पोहोचू पाहत होता, आणि त्या वेळी पीर पंजालची जवळची वाट बर्फाने बंद होती. त्यामुळे तो हसन अब्दालवरून पखली या भागातून, म्हणजे आजच्या मानसेहरा परिसरातून, झेलमच्या खोऱ्यात उतरला आणि बारामुल्लामार्गे श्रीनगरला पोहोचला. ही वाट लांबची आणि चढउतारांची असली, तरी ज्याला काश्मीरचा वसंत पाहायचा असेल त्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही, अशा अर्थाचे विवेचन त्याने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. त्याच वर्षी शरदात परतताना मात्र तो पीर पंजालवरूनच उतरला. त्यानंतरच्या काळातही बर्फ पडण्यापूर्वी खोरे सोडण्याचा हा शिरस्ता कायम राहिला, आणि १६२७ च्या शरदात अशाच एका परतीच्या प्रवासात राजौरीच्या परिसरात जहांगीराचा मृत्यू झाला.

या वाटेवर बादशाही ऐश्वर्याचीही कशी त्रेधा उडत असे, याचे तपशीलवार वर्णन फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने केले आहे. तो औरंगजेबाच्या लवाजम्यासोबत १६६४ च्या डिसेंबरात दिल्लीहून निघाला आणि पुढील वर्षी काश्मीरला पोहोचला. डोंगरात धान्य अपुरे असल्यामुळे बहुतेक सैन्य भिंबरच्या पायथ्याशी ठेवण्यात आले, परवानगी नसलेल्यांना अडवण्यासाठी वाटेच्या तोंडाशी पहारा बसवण्यात आला आणि उंट चढू शकत नसल्याने सामान माणसांच्या पाठीवर चढवावे लागले. एकट्या बादशहाच्या सामानासाठी सहा हजार हमाल लागत असल्याचे बर्निएने लिहिले आहे. पीर पंजालच्या चढणीवर जनानखान्यातील स्त्रियांना घेऊन हत्तींची रांग अरुंद वाटेने चढत असताना पुढचा हत्ती बिचकून मागे सरला, त्याचा धक्का मागच्याला, त्याचा त्याच्या मागच्याला असा पंधराव्या हत्तीपर्यंत पोहोचला, आणि वळायला जागा नसल्यामुळे ते सर्व हत्ती कड्यावरून खाली कोसळले. स्त्रियांपैकी तीनचारच दगावल्या. हत्ती मात्र वाचले नाहीत, आणि दोन दिवसांनी बर्निए त्या जागेवरून गेला तेव्हा दरीत पडलेल्या काही हत्तींच्या सोंडा अजून हलत होत्या. या अपघाताने अवघी स्वारी खोळंबली. औरंगजेबाने त्यानंतर दीर्घ आयुष्यात पुन्हा काश्मीरचा प्रवास केला नाही.

बर्निएने नोंदवलेली आणखी एक समजूत या घाटाच्या संदर्भात लक्षणीय आहे. खिंडीच्या माथ्यावर राहणारा एक वृद्ध फकीर येणाऱ्याजाणाऱ्यांना गलबला न करता, थांबा न घेता निघून जाण्यास बजावीत असे, कारण आवाजाने वादळ उठते असा त्याचा दावा होता. जहांगीराने हे हसण्यावारी नेऊन ढोलताशे वाजवायला लावले आणि त्यामुळे तो मरतामरता वाचला, अशी आख्यायिका त्या फकिराने बर्निएला सांगितली. आवाजाने वादळ येत नाही. तरीही गर्दी न करता आणि न रेंगाळता माथा ओलांडावा हा त्या समजुतीतील व्यवहार रास्त होता, आणि आजचे वाहतूक पोलीस हिमस्खलनाच्या टप्प्यात गाड्या थांबवू नका असे बजावतात तेव्हा तेही त्याच व्यवहाराला धरून असते. हिमस्खलन म्हणजे उतारावर साचलेला बर्फाचा थर एकाएकी सुटून खाली घसरणे. त्याच्या मार्गात जितका वेळ कमी काढावा, तितका धोका कमी.

मोगल सत्तेच्या ऱ्हासानंतर अफगाण आणि १८१९ पासून शीख अंमलात हा बादशाही रस्ता दुर्लक्षित झाला. १८४६ च्या अमृतसर तहाने जम्मूच्या गुलाबसिंहाकडे काश्मीर आल्यावर राज्याचा राजकीय कणा जम्मू–श्रीनगर असा झाला आणि बनिहालच्या वाटेला नवे महत्त्व आले. ही वाट दीर्घकाळ मुख्यतः राजघराणे आणि दरबार यांच्या उपयोगाची होती. हिवाळ्यात खोरे तुटते ही वस्तुस्थिती बदलणे शक्य नव्हते, तेव्हा राजधानीच ऋतूप्रमाणे हलवण्याचा मार्ग महाराजा रणबीरसिंह यांनी १८७२ मध्ये पत्करला. उन्हाळ्यात श्रीनगर आणि हिवाळ्यात जम्मू अशी ही व्यवस्था पुढे ‘दरबार मूव्ह’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नोव्हेंबरच्या सुरुवातीस दप्तरे, अधिकारी आणि त्यांची कुटुंबे घाट उतरून जम्मूला येत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जात. दप्तरांची ने-आण प्रथम हमाल व तट्टे यांच्यावरून आणि पुढे ट्रकांच्या ताफ्यातून होत राहिली. बर्फामुळे बेत बदलू नये म्हणून संपूर्ण राज्यकारभाराचाच बेत वर्षाच्या आरंभी ठरवून टाकण्याचा हा प्रकार होता.

सामान्य रयतेला या व्यवस्थेचा भार उचलावा लागे, कारण खिंडींवरून होणारी वाहतूक मोठ्या प्रमाणात वेठबिगारीवर चालत असे. ब्रिटिश जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्स याच्या १८९५ मधील काश्मीरविषयक ग्रंथात, पाठीवर ओझी वाहण्यासाठी गावकऱ्यांना पकडून नेले जाण्याच्या या प्रथेचे आणि तिने खेड्यांत पसरवलेल्या दहशतीचे विस्ताराने वर्णन आले आहे. बादशहाचा किंवा साहेबाचा प्रवास एखाददुसरा दिवस लांबला, तर त्याची किंमत रात्र उघड्यावर काढणाऱ्या हमालाला मोजावी लागे. युरोपीय पाहुण्यांवरही ऋतूचे बंधन होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या नियमांनुसार त्यांना ठरावीक वाटांनीच यावे लागे आणि हिवाळा खोऱ्यात काढण्याची मुभा नसे. १८६५ पासून श्रीनगरमध्ये दवाखाना चालवणारे मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांनाही दर शरदात आपले काम गुंडाळून पंजाबात उतरावे लागत असे.

पर्यटनाच्या दृष्टीने खरी क्रांती झेलम खोऱ्यातील गाडीरस्त्याने केली. रावळपिंडीहून मरी, कोहाला, दोमेल, उरी असा येणारा हा रस्ता १८९० च्या सुमारास बारामुल्लापर्यंत आणि १८९७ मध्ये श्रीनगरपर्यंत पोहोचला. त्याचा काश्मीरमधील भाग नदीच्या कडेकडेने जात असल्यामुळे त्याला उंच खिंड ओलांडावी लागत नव्हती, आणि रावळपिंडीच्या धनजीभॉय या पारशी व्यावसायिकांच्या टपाली टांग्यांची सेवा त्यावर नियमित चालू लागली. ठरावीक अंतरावर घोडे बदलत धावणाऱ्या या टांग्यांमुळे दिवस आणि मुक्काम आधी ठरवून काश्मीरला जाणे प्रथमच सामान्य झाले. तरीही सुमारे २,२९० मीटर उंचीवरच्या मरी येथे हिवाळ्यात बर्फ साचला, म्हणजे हा रस्ता बंद पडे आणि प्रवाशांना हसन अब्दाल, ॲबटाबाद, मानसेहरा असा वळसा घालून दोमेलजवळ मुख्य रस्त्याला लागावे लागे. जहांगीराने १६२० मध्ये धरलेली पखलीची वाट आणि टांग्यांचा हा हिवाळी वळसा यांची दिशा बव्हंशी एकच होती. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत वाहन बदलले, सत्ता बदलल्या आणि प्रवासाचे प्रयोजनही बदलले. हिवाळ्याने दाखवलेली पर्यायी वाट मात्र तीच राहिली.

बनिहालवरून जाणारा गाडीरस्ता महाराजा प्रतापसिंह यांच्या काळात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, तयार झाला आणि १९२२ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. जम्मूहून उधमपूर, कुद, बटोट असा चढून तो रामबनला चिनाब नदीपाशी उतरे आणि तेथून पुन्हा बनिहालकडे चढत खिंडीच्या माथ्याजवळील एका छोट्या बोगद्यातून खोऱ्यात जाई. प्रत्येक टप्प्यावर डाकबंगले, दुकाने आणि खाणावळी उभ्या राहिल्या, आणि कुदचा पतीसा, म्हणजे सोनपापडीच्या जातीची तुपाळ मिठाई, प्रवाशांच्या ओळखीचा झाला. परंतु माथ्यावरचा भाग हिवाळ्यात बर्फाखाली जात असल्यामुळे हा रस्ता उन्हाळी रस्ताच राहिला, आणि खोऱ्याचा बारमाही व्यवहार झेलम खोऱ्यातील रस्त्यावर अवलंबून राहिला.

१९४७ च्या फाळणीने हा समतोल एका फटक्यात मोडला. रावळपिंडी आणि सियालकोट ही दोन्ही ठिकाणे पाकिस्तानात गेल्यामुळे झेलम खोऱ्याचा रस्ता तुटला आणि सियालकोटहून जम्मूला येणारी रेल्वेही बंद पडली. जवाहरलाल नेहरू यांनी २७ सप्टेंबर १९४७ रोजी वल्लभभाई पटेल यांना लिहिलेल्या पत्रात, हिवाळा जवळ येत असून जम्मूकडील वाट त्या काळात फारशी वापरता येणार नाही, त्यामुळे काश्मीर उरलेल्या हिंदुस्थानापासून तुटेल, असा इशारा दिला होता. महिन्याभराने, २७ ऑक्टोबरला, भारतीय सैन्याची पहिली तुकडी विमानाने श्रीनगरला उतरवावी लागली. तोवर बनिहालचा बर्फ ही प्रवाशांची आणि व्यापाऱ्यांची अडचण मानली जात होती. आता ती राष्ट्रीय संरक्षणाची बाब झाली.

त्यावरचा तोडगा म्हणजे खिंडीच्या पोटातून काढलेला बोगदा. आल्फ्रेड कुंझ आणि सी. बार्सेल या जर्मन अभियंत्यांच्या देखरेखीखाली सुमारे २,१९४ मीटर उंचीवर अडीच किलोमीटरांहून लांब असा जोडबोगदा खोदण्यात आला आणि २२ डिसेंबर १९५६ रोजी उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याला जवाहर बोगदा असे नाव देण्यात आले. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला ‘चिल्लई कलां’ म्हणतात; त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा येतो. या गणनेनुसार बोगदा चिल्लई कलांच्या दुसऱ्याच दिवशी खुला झाला, आणि बनिहालच्या बाजूने प्रथमच ऐन थंडीत गाडीने खोऱ्यात शिरण्याची शक्यता निर्माण झाली.

ही शक्यता प्रत्यक्षात किती मर्यादित होती, हे पुढील सहा दशकांनी दाखवले. बोगद्याने माथ्यावरच्या बर्फाला बगल दिली. पण त्याच्या तोंडाशी येणारे रस्ते हिमस्खलनाच्या टापूतच राहिले आणि खाली रामबन ते बनिहाल या पट्ट्यात ठिसूळ खडकांच्या उतारांवर दरडी कोसळत राहिल्या. पंथियालसारख्या ठिकाणी तर पाऊस असो वा नसो, वरून दगड सुटत असल्यामुळे रस्त्यावर पोलादी छत उभारावे लागले. सीमा सडक संघटनेच्या १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘बीकन’ या प्रकल्पाकडे बर्फ हटवणे आणि रस्ता पूर्ववत करणे हे काम वर्षानुवर्षे राहिले. बोगदा आणि रस्ता जेवढ्या वाहनांसाठी आखले होते, त्याच्या कितीतरी पटीने वाहने येऊ लागल्यावर हिवाळ्यात एकेरी वाहतुकीची पद्धत रूढ झाली. एका दिवशी फक्त जम्मूकडून श्रीनगरकडे आणि दुसऱ्या दिवशी फक्त उलट दिशेने गाड्या सोडायच्या, हलक्या व अवजड वाहनांना वेगवेगळ्या वेळा द्यायच्या, आणि नगरोटा, उधमपूर किंवा काझीगुंड येथील नाका ठरावीक वेळेनंतर बंद करायचा, असे या पद्धतीचे स्वरूप होते. आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांची सूचना प्रसिद्ध होईपर्यंत दुसऱ्या दिवशी निघता येईल की नाही, हे कोणालाही सांगता येत नसे. कल्हणाच्या काळातील द्वारपतीचा अधिकार अशा रीतीने नियंत्रण कक्षाकडे आला, आणि तो दरवेळी हवामानापुरताच वापरला गेला असेही नाही. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत सुरक्षा दलांच्या ताफ्यांसाठी आठवड्यातील दोन दिवस या महामार्गावर नागरी वाहतुकीस बंदी होती.

या अनिश्चिततेला तोंड देण्याची खोऱ्यातील घरांची रीत महाराष्ट्रातील वाचकाला परिचित वाटेल, कारण ती वाळवण आणि बेगमी यांचीच आहे. कोकणात पावसाळ्यासाठी जे केले जाते, ते काश्मीरमध्ये हिवाळ्यासाठी केले जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस दुधी भोपळा, वांगी, टोमॅटो यांच्या फोडी आणि लहान मासे उन्हात वाळवले जातात. भाज्यांच्या चकत्या दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा खिडक्यांना आणि पडव्यांना टांगल्या जातात. या वाळवलेल्या भाज्यांना ‘होख स्युन’ म्हणतात. महामार्ग आठआठ दिवस बंद राहून ट्रक रामबनपाशी अडकले आणि श्रीनगरच्या बाजारात ताज्या भाजीचे व मांसाचे भाव चढले, की घरातील स्वयंपाक या साठ्यावर चालत असे. प्रवाशाने बेत बदलला की त्याची सुटी वाया जाते. स्थानिक माणसाला मात्र रस्ता बंद होणार हे धरूनच वर्षाची आखणी करावी लागते.

मराठी प्रवाशांचा या घाटाशी संबंध जम्मूला भारतीय बाजूने रेल्वे पोहोचल्यावर, म्हणजे १९७२ नंतर, दृढ झाला. काश्मीरच्या नदीचेच नाव धारण करणारी झेलम एक्स्प्रेस पुण्याहून जम्मूतावीला जाऊ लागल्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींचा रेल्वेप्रवास जम्मूला संपे आणि पुढे बसने घाट चढणे भाग पडे. कार्यक्रमपत्रिकेत जम्मू ते श्रीनगर यासाठी एक दिवस धरलेला असे. हिवाळी सहलींत तो कधी दोन, तर कधी चार दिवसांचा होई, आणि मग पटनीटॉप, बटोट किंवा कटरा येथे अनपेक्षित मुक्काम पडून तेथील देवळे व देखावे हेच स्थलदर्शन ठरे. खोऱ्यात पोहोचल्यावरही क्रम हवामानच ठरवीत असे. गुलमर्गला १९२७ मध्ये ब्रिटिशांनी स्की क्लब स्थापन केल्यापासून बर्फावरील खेळांची परंपरा आहे आणि १९९८ पासून तेथे रज्जुमार्गही आहे. परंतु नवा बर्फ पडल्यावर तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडले जाते आणि वारा वाढला की रज्जुमार्ग थांबवला जातो. सोनमर्गचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने गगनगीरच्या पुढे हिवाळाभर बंद राहत असे. ज्या बर्फासाठी पाहुणा हजारो किलोमीटरांवरून येतो, तोच बर्फ त्याला इच्छित स्थळी पोहोचू देत नाही, हा हिवाळी पर्यटनातील अंगभूत पेच आहे.

एकविसाव्या शतकात या पेचावर बोगद्यांच्या मालिकेने उत्तर शोधण्यात आले. २०१३ मध्ये बनिहाल व काझीगुंड यांच्यामधील ११.२ किलोमीटरांचा रेल्वेबोगदा सुरू झाला; २ एप्रिल २०१७ रोजी चेनानी ते नाशरी हा ९.२८ किलोमीटरांचा रस्त्यावरील बोगदा खुला होऊन कुद, पटनीटॉप आणि बटोट यांची बर्फाळ चढण टळली. २०२१ मध्ये जवाहर बोगद्यापेक्षा सुमारे चारशे मीटर खालून जाणारा ८.४५ किलोमीटरांचा बनिहाल–काझीगुंड बोगदा वापरात आला. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा खुला झाला. आणि जून २०२५ मध्ये चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या पुलावरून कटरा ते श्रीनगर अशी रेल्वे धावू लागली. या काळात दरबार मूव्हची प्रथाही २०२१ मध्ये थांबवण्यात आली आणि चार वर्षांनी ती पुन्हा सुरू करण्यात आली. सुरू करण्यामागे आता बर्फापेक्षा जम्मूच्या बाजारपेठेचे आणि दोन प्रदेशांतील संबंधांचे कारण पुढे करण्यात आले. जुन्या मोगल रस्त्याचे आधुनिक रूप मात्र उंच खिंडीवरूनच जात असल्यामुळे आजही हिवाळ्यात बर्फाने बंद होते.

या सर्व बांधकामांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. बनिहालपाशी रस्त्याचा प्रत्येक नवा बोगदा आधीच्यापेक्षा खालून गेला आणि त्याबरोबर अडथळ्याची जागाही खाली सरकली. माथ्यावरचा बर्फ हा पहिला अडसर होता, नंतर बोगद्याच्या तोंडाशी होणारे हिमस्खलन, आणि आता नदीकाठच्या उतारांवरील दरडी व चिखल. रस्ता चौपदरी करण्यासाठी हेच उतार कापले गेल्यामुळे पावसाळ्यातील धोकाही वाढला आहे. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अतिवृष्टीने उधमपूरजवळ महामार्ग खचला, तो कित्येक आठवडे सुरळीत झाला नाही, आणि ऐन हंगामातील सफरचंदे ट्रकांत जागीच सडली. त्या वेळी रेल्वेने बडगामहून दिल्लीकडे फळांच्या मालगाड्या सोडल्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. खोळंबा गृहीत धरून उभ्या राहिलेल्या सोयी, म्हणजे सराया, डाकबंगले, टप्प्यांवरची गावे आणि घरातली बेगमी, या वेगवान रस्त्यामुळे हळूहळू निरुपयोगी ठरू लागल्या. २०१७ नंतर कुद आणि बटोट येथील उपाहारगृहांचे आणि दुकानांचे गिऱ्हाईक घटले, आणि वाळवलेल्या भाज्या अनेक घरांत गरजेपेक्षा हौसेचा पदार्थ झाल्या. पूर्वी बेत महिन्यांनी बदलत असे आणि त्यासाठी समाजाची तयारी असे. आता तो तासांनी बदलतो, परंतु परतीचे विमान, आगाऊ नोंदवलेली खोली आणि मोजकी रजा यांत जखडलेल्या प्रवाशाला, तसेच नाशवंत माल पाठवणाऱ्या बागायतदाराला, तेवढा विलंबही पेलवत नाही. घाट किती कमी वेळात पार होतो, यावर आज त्याची सुधारणा मोजली जाते. चारशे वर्षांचा अनुभव पाहता, तो बंद पडेल त्या दिवशी माणसांना आणि मालाला वाटेत सांभाळण्याची व्यवस्था किती आहे, या कसोटीवरही तो तितक्याच काटेकोरपणे तपासला गेला पाहिजे.